नगरपरिषदेचा कारभार आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला बोलण्याचा विषय विचारला, तेव्हा मी ‘नगरपरिषदेचा कारभार’ असे सांगितले. एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, “दादा, जन्मभर तिथेच नोकरी केलीत, अजून मन भरलं नाही का?” त्याचे खरे आहे. माझी सारी नोकरी एका लहान शहराच्या नगरपरिषदेत झाली. त्यातली बरीच वर्षे मी सभेचे कामकाज लिहिणारा कारकून होतो. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका टंकलिखित करायची, सभागृहाच्या कोपऱ्यात बसून बोलणे टिपून घ्यायचे आणि नंतर इतिवृत्ताच्या वहीत ठराव उतरवायचे, एवढेच माझे काम. मी काही वक्ता नाही. पण त्या वहीत काय लिहिले जाते आणि काय लिहायचे राहून जाते, हे मला ठाऊक आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

महाडचे दोन ठराव

मित्रहो, आपण दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर तासन्तास बोलतो. पण आपल्या नळाला पाणी किती वाजता येणार, वस्तीतले गटार कधी उपसले जाणार, स्मशानभूमीकडच्या रस्त्यावर दिवा लागणार की नाही, याचा निर्णय दिल्लीत होत नाही. तो होतो आपल्या गावच्या नगरपरिषदेच्या सभागृहात. या सभागृहाची ताकद काय असते, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणी अनुभवलेले नाही. महाडचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. आज तो मी एका कारकुनाच्या नजरेने सांगतो.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव मंजूर झाला. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक माणसे होती. ठराव वहीत चढला. पण पुढची तीन वर्षे आपल्या माणसाला त्या तळ्याचे ओंजळभर पाणी मिळाले नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. तेव्हा त्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली, आणि ती नगरपालिकेने केली नाही, लोकांनी केली. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे!

यातून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली, नगरपालिकेचा ठराव ही क्षुल्लक गोष्ट नाही. तसे असते, तर तो रद्द करण्यासाठी विरोधकांना पुन्हा सभा भरवावी लागली नसती. दुसरी, ठराव आपल्या पायांनी चालत नाही, त्याला चालवावे लागते. आणि तिसरी, एका सभेने दिलेले दुसरी सभा काढून घेऊ शकते. म्हणून सभागृहात कोण बसतो आणि बाहेरून त्याच्यावर कोण लक्ष ठेवतो, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

निवडणूक कशी होते

महाडच्या त्या काळात मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कराच्या अटींनी बांधलेला होता. ज्याला घर नाही, ज्याच्याकडून कर येत नाही, त्याला मत नाही. संविधानाने ही अट काढून टाकली. आज अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार आहे आणि एकवीस वर्षांचा मतदार उमेदवार होऊ शकतो.

आपल्या राज्यात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्याने चालतो. लोकसंख्येप्रमाणे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. एक लाखाच्या वर ‘अ’, चाळीस हजारांच्या वर एक लाखापर्यंत ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. खेड्याचे शहर होऊ लागलेल्या गावाला नगरपंचायत असते आणि तिचे सतरा सदस्य असतात. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपरिषदेला घटनेत स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवली, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या, महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या आणि निवडणूक घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग सांगितला. महाराष्ट्राचा आयोग १९९४ मध्ये आला आणि २०११ पासून आपल्या राज्यात महिलांचा वाटा निम्मा झाला.

निवडणुकीची सुरुवात मतदानाच्या दिवशी होते, असे पुष्कळांना वाटते. ते चुकीचे आहे. ती सुरू होते प्रभागरचनेपासून. शहराचे प्रभाग पाडून प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. एखादी वस्ती मधोमध कापून दोन प्रभागांत टाकली, की तिच्या मतांची ताकद मतदानापूर्वीच अर्धी होते. मग आरक्षण येते. अनुसूचित जातीची लोकसंख्या ज्या प्रभागात प्रमाणाने अधिक, तेथे सर्वसाधारणपणे ती जागा राखीव होते आणि पुढे ती फिरत जाते. महिलांच्या जागा सोडतीने निघतात. त्यानंतर विधानसभेची मतदार यादी प्रभागवार फोडली जाते. या वेळी नावे या प्रभागातून त्या प्रभागात जातात. यादीवर हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. माझ्या नोकरीत मी पाहिले, की त्या दिवसांत नगरपरिषदेच्या फलकापुढे यादी वाचत उभी असलेली आपली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असत. मतदानाच्या दिवशी मात्र “माझे नाव कुठे गेले?” म्हणून भांडायला शंभर येत.

उमेदवारी अर्जाचेही तसेच. राखीव जागेला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीत समावेश झाला, तरी कागद वेळेवर तयार नसला तर जागा जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेली व्यक्ती अपात्र ठरते, हेही लक्षात असू द्या.

अध्यक्ष कोणी निवडायचा, याचे नियम आपल्या राज्यात वारंवार बदलले. कधी नगरसेवकांनी आपल्यातून निवडला, कधी थेट जनतेने. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे २०२५ च्या डिसेंबरमध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा नगरपरिषदेच्या मतदाराने एक मत अध्यक्षाला आणि आपल्या प्रभागातील दोन किंवा तीन जागांसाठी तितकी मते दिली. थेट निवडीत एक गुण आहे. अध्यक्षाला चार-दोन नगरसेवकांच्या रुसव्याफुगव्यावर जगावे लागत नाही. पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे झाले तर ओढाताण होते आणि कामे अडून राहतात. उपाध्यक्षाची निवड सभागृहात होते. काही सदस्य नामनिर्देशित असतात. आपण त्यांना ‘स्वीकृत’ म्हणतो. त्यांना बोलता येते, पण ठरावावर मत देता येत नाही.

कारभार कसा चालतो

निवडून आलेल्यांचा गुलाल उतरला की खरा कारभार सुरू होतो. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायची असते. तिच्याखाली स्थायी समिती आणि बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. सभेत विषयपत्रिकेतला विषय निघतो, एक सूचक होतो, एक अनुमोदक होतो, चर्चा होते आणि बहुमताने ठराव होतो.

पण ठराव झाला म्हणजे काम झाले नाही. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. ते शासनाने नेमलेले अधिकारी असतात, मतदारांनी निवडलेले नव्हेत. ठरावानंतर अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी लागते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, मोजमाप होते, मग ठेकेदाराचे बिल निघते. यातल्या प्रत्येक टेबलावर कागद थांबू शकतो. ठरावाने लोकांचे नुकसान होत असेल किंवा तो बेकायदेशीर असेल, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात.

आणि पैसा? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी ही नगरपरिषदेची स्वतःची मिळकत. १९९९ पर्यंत जकात हे मोठे उत्पन्न होते. ती बंद झाली आणि नगरपरिषदा शासनाच्या अनुदानाकडे पाहू लागल्या. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांसाठी सांगितले आहेत, झोपडपट्टी सुधारणाही त्यात आहे. पण जबाबदारीची यादी लांब आणि तिजोरी लहान, अशी लहान शहरांची स्थिती आहे. तिजोरी लहान असली की कोणाचे काम आधी आणि कोणाचे मागे, हा प्रश्न येतो. तेव्हा मागे कोण राहतो, हे मी आपल्याला सांगायला नको.

इतिवृत्तात एक वाक्य मी शेकडो वेळा लिहिले आहे: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार सदर काम करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.’ ऐकायला गोड आहे. नगरसेवक वस्तीत जाऊन सांगतो, “तुमचे काम मंजूर झाले.” लोक हार घालतात. पण ज्या कामापुढे अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही, रक्कम नाही, ते काम मंजूर होऊनही झालेले नसते. आमच्या वस्तीतले गटार असे तीनदा मंजूर झाले. तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात.

एका ओळीची गोष्ट

आता माझी चूक सांगतो. जकात बंद झाल्यानंतरचा तो काळ, पंचविसेक वर्षांपूर्वीचा. आमचा प्रभाग अनुसूचित जाती महिलेसाठी राखीव निघाला आणि वस्तीतली एक लेकुरवाळी तरुण बाई निवडून आली. शिक्षण सातवीपर्यंत. पहिले वर्षभर ती सभेत एक शब्द बोलली नाही. तिचे यजमान दाराबाहेर उभे राहत आणि सही कुठे करायची ते खुणेने सांगत. सभागृहात लोक गालात हसत. मीही त्यांच्याच वस्तीतला, पण मान खाली घालून लिहीत राही.

त्या पावसाळ्यात गटाराचे पाणी घरांत शिरले. वस्तीत हगवणीची साथ आली, पोरे आजारी पडली. तिचे स्वतःचे मूल दवाखान्यात होते. त्यानंतरच्या सभेत एक विषय आला. मागासवर्गीयांच्या वस्त्यांसाठी राखून ठेवलेली रक्कम बाजारपेठेतल्या एका रस्त्याकडे वळवायची. नेहमीप्रमाणे “मंजूर, मंजूर” असे आवाज झाले. आणि ती बाई उभी राहिली. म्हणाली, “माझा विरोध आहे. विरोध लिहून घ्या.”

सभागृह क्षणभर शांत झाले. मग दुसरा विषय पुकारला गेला. संध्याकाळी मला आत बोलावून सांगण्यात आले, “एकटीच्या विरोधाने काय होते? सर्वानुमते लिहा.” आणि बंधूंनो, मी लिहिले. ‘सर्वानुमते मंजूर.’ घरी दोन मुली होत्या, बढतीचा कागद वर गेलेला होता. कारणे पुष्कळ सांगता येतील. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुढची सभा आली. प्रत्येक सभेत पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या विषयाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्या दिवशी ती बाई पुन्हा उभी राहिली. हातात इतिवृत्ताची प्रत होती. वस्तीतल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून तिने ती रात्रभर वाचून घेतली होती. ती कोणावर ओरडली नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, “दादा, मी त्या दिवशी बोलले होते ना?”

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “होय ताई, बोलला होतात. नोंदवायचे राहिले.” माझी बढती पुढे दोन वर्षे अडली, पण इतिवृत्त दुरुस्त झाले. ‘एका सदस्येचा विरोध नोंदवून बहुमताने मंजूर’, अशी ती ओळ झाली. त्या एका ओळीचा उतारा जोडून वस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. चौकशी झाली, रक्कम वळवण्यास स्थगिती मिळाली आणि पुढच्या वर्षी गटाराचे काम सुरू झाले. सगळे झाले नाही, अर्ध्या वस्तीचे झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी चार वर्षे लागली. पण ‘सर्वानुमते’ हा शब्द तसाच राहिला असता, तर अर्जाला आधारच उरला नसता. सर्वांनी एकमताने केले, मग तक्रार कोणाची?

राखीव जागेचा अर्थ मला त्या दिवशी कळला. जागा राखीव असते ती केवळ खुर्ची भरण्यासाठी नाही. विरोध नोंदवायला सभागृहात आपले एक माणूस असावे, यासाठी आहे. आणि त्या माणसाच्या मागे इतिवृत्त वाचून दाखवणारा एक मुलगा असावा लागतो. एकटी ती काही करू शकली नसती.

सभागृह रिकामे असते तेव्हा

पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. तरीही २०२१-२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक नगरपरिषदांच्या निवडणुका इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात आणि प्रभागरचनेच्या बदलांत अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कुठे त्याच वर्षाच्या अखेरीस त्या झाल्या. मधली तीन वर्षे आणि वर काही महिने प्रशासकच सभा आणि प्रशासकच अंमलबजावणी. प्रशासकाने कामे केली नाहीत असे मी म्हणत नाही. पण त्या काळात “माझा विरोध लिहून घ्या” म्हणणारे कोणी सभागृहात नव्हते. नगरसेवकाला आपण नावे ठेवतो, पण तो नसला की विचारायचे कोणाला, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

आपण काय करावे

शेवटी संस्थेला चार सूचना करतो. त्यासाठी वर्गणी लागत नाही, माणसे लागतात.

पहिली, प्रारूप प्रभागरचना आणि प्रारूप मतदार यादी निघाली की संस्थेच्या चार तरुणांनी ती घरोघर जाऊन तपासावी आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी.

दुसरी, सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळवून विहारात लावावी आणि सभेला दोघांनी तरी श्रोते म्हणून जाऊन बसावे. बाहेरचे कोणी बसले आहे म्हटल्यावर सभागृहाची बोलण्याची रीत बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी, अंदाजपत्रक वाचायला शिकावे. नगरसेवकाला “काम मंजूर झाले का?” असे विचारू नका. “कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती रक्कम, कार्यादेश कोणत्या तारखेचा?” असे विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत.

चौथी, आपल्या वस्तीतून जी बाई किंवा जो तरुण निवडून येईल, त्याला सत्काराची शाल देऊन मोकळे होऊ नका. त्याच्याबरोबर कागद वाचायला बसा. आणि बाई निवडून आली असेल, तर तिच्या यजमानांना प्रेमाने सांगा, की सभागृहातली खुर्ची त्यांची नाही.

मित्रहो, महाडच्या वहीत एक ठराव चढला आणि तीन वर्षे पडून राहिला. आमच्या वहीत गटाराचा ठराव तीनदा चढला आणि तीनदा पडून राहिला. दोन्ही ठिकाणी तो हलला, तो माणसे उठून उभी राहिली म्हणून. मी निवृत्त झालो, त्या दिवशी शेवटची वही कपाटात ठेवताना ती दुरुस्त केलेली ओळ पुन्हा काढून पाहिली. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. आपल्या गावच्या वहीत आपली ओळ आहे का, हे आपण सर्वांनी एकदा जाऊन पाहावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम!